एसएनएफ कापता, मग पेशी कोण मोजणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या कृषी पुरवणीतला दगडीवरचा, म्हणजे गायीच्या कासेच्या सुजेवरचा लेख वाचला. लेखकमहोदयांनी सगळं खापर गोठ्यातल्या अस्वच्छतेवर फोडलं आणि 'दुधात पेशी म्हणजे घाण' असा निकालही देऊन टाकला. आभारी आहोत. पेशी निरोगी गायीच्या दुधातही असतात, मिलीलिटरला साधारण लाखाच्या आत. सडात जंतू शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी कासेकडे धाव घेतात आणि आकडा दोन लाखांच्या वर जातो. ही गायीची फौज आहे, घाण नव्हे. व्यायच्या सुमारास हीच फौज मंदावते, त्यामुळे गोठा कितीही झाडला तरी ताज्या व्यायलेल्या गायीला धोका असतोच. याबद्दल लेखात एक ओळ नाही.

आमचंच सांगतो. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय दुसऱ्यांदा व्यायली, चीक संपून दूध डेअरीला सुरू झालं. तेव्हा दावणीला दुभती तेवढी एकच. थोड्याच दिवसांत एसएनएफ, म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक, ८.५ वरून ८.१ टक्क्यांवर आला. कास मऊ, दुधात गाठी नाहीत, गाय वैरण खाते आहे, मग संशय तरी कशाचा घ्यायचा? संकलन केंद्रावरच्या पोराने पावती हातात दिली आणि चारचौघांत विचारलं, "काका, पाणी जरा जास्त झालं का?" तिथेच कॅन ओतून घरी यावंसं वाटलं.

आईने मात्र चार वाट्यांत चार सडांचं दूध वेगवेगळं घेतलं, बोट लावून चाखलं आणि म्हणाली, "मागच्या उजव्या सडाचं खारट लागतंय." दगडी झाली की दुधातली साखर उतरते, मीठ वाढतं आणि एसएनएफही त्यानेच पडतो, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी चार खणांच्या पसरट पात्रात दूध घेऊन जांभळं औषध मिसळलं नि गोल फिरवलं. तीन खणांतलं पाण्यासारखं फिरलं, चौथ्यातलं लिबलिबीत होऊन मधोमध गोळा झालं, म्हणजे त्या सडात पेशी वाढलेल्या. इंजेक्शनं झाली, सडात ट्यूबा सोडल्या, तरी सड गेला तो गेलाच. पुढच्या वेताला तीन सडांवरच धार काढली. अशा गायीला बाजारात काय भाव मिळतो, ते लेखकाने एकदा येऊन विचारावं.

युरोपात दुधाला मिलीलिटरला ४ लाख पेशींची मर्यादा आहे. आपल्याकडे दर ठरतो फॅट आणि एसएनएफवर. ३.५/८.५ च्या खाली एक पॉइंट घसरला की कपात बिनचूक होते. पण तो का घसरला, हे सांगायला कुणी बांधील नाही. दर दहा दिवसांच्या बिलात पैशापैशाचा हिशेब छापणाऱ्यांना अधूनमधून गायवार पेशी तपासून देणं खरंच इतकं जड आहे का? ते जांभळं औषध काही सोन्याचं नसतं.

आणि लेखातला तो सल्ला! म्हणे, 'धार काढल्यावर गायीस बसून विश्रांती घेऊ द्यावी.' वा! धारेनंतर अर्धा-पाऊण तास सडाचं तोंड उघडं असतं. तेव्हा गाय शेणात बसली की जंतूंना दार मोकळंच. म्हणून तर आम्ही सड आयोडीनच्या द्रावणात बुडवतो आणि पुढ्यात मुरघास टाकून तिला उभी ठेवतो. कालचा सल्ला वाचून कुणी गाय बसवली आणि सड गमावला, तर भरपाई पुरवणीकडे मागायची का? स्वच्छतेचे धडे जरूर द्या, पण पहाटे धारेच्या वेळीच वीज जाते, मोटर बंद पडते आणि कास धुवायला पाणी हापशावरून आणावं लागतं. त्यावरही कधीतरी लिहा.

शेवटी एक. लेख संकरित गायींचा आणि सोबत फोटो म्हशीचा. छापायच्या आधी निदान शिंगं तरी बघत जा.

आपला,
एक दूध उत्पादक, ता. संगमनेर