सुट्या शेंगांचा कुडा

पुणे, 9 नोव्हेंबर

प्रिय शैले,

फोनवर तू विचारलंस, ‘मंदे, तीस वर्षं झाडपाला उकळलास, शेवटी मिळालं काय गं?’ मी हसण्यावारी नेलं, पण झोंबलं. निवृत्तीला तीन आठवडे उरलेत, सध्या प्रयोगशाळेतला डीप फ्रीजर रिकामा करतेय, म्हटलं आता नीट उत्तर द्यावं.

एक तर आम्ही फारसं उकळत नाही. साल सावलीत वाळवायची, भरड दळायची, मिथेनॉलमध्ये भिजत घालायची आणि अर्क आटवायचा. मग अगरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर स्टॅफचे (स्टॅफिलोकोकसचे) जंतू पसरायचे, वर अर्कात भिजवून वाळवलेली 6 मिमीची कागदी चकती ठेवायची आणि प्लेट रात्रभर 37 अंशांना. सकाळी इन्क्युबेटर उघडला की तो उबट, कोंदट वास येतो. जंतूंचा दुधी थर सगळीकडे धरलेला, आणि नशीब असेल तर चकतीभोवती स्वच्छ, आरपार दिसणारं वर्तुळ. तिथले जंतू अर्कानं वाढू दिले नाहीत; त्याला झोन म्हणतात. माझी निम्मी हयात त्याला पट्टी लावण्यात गेली.

पहिले आठ महिने तर झोनही नव्हता. माझं झाड कुडा; त्याच्या सालीत कोनेसिन नावाचं अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतलं नायट्रोजनवालं द्रव्य, असतं, आवेवर ती साल पिढ्यान् पिढ्या देतात. माझ्या अर्कात ड्रॅगेनडॉर्फ, म्हणजे अल्कलॉइड ओळखायचं रसायन, टाकलं की नारिंगी साका बसायला हवा होता, तो काही बसेना. साल काष्ठौषधींच्या एका दुकानातून आणलेली. सर वैतागून म्हणाले, ‘झाड बघितलंयस का कधी?’ नव्हतं बघितलं. बायोकेमिस्ट्रीवाल्यांना पावडर ठाऊक.

मग त्या दिवाळीत तुमच्याकडे आले होते, आठवतं? तुझ्या आईनं परसात नेऊन दोन बिया चावायला दिल्या. एक गोडसर, दुसरी अशी कडूजहर की जेवणापर्यंत जीभ ताळ्यावर नव्हती. ‘हा गोडा इंद्रजव, काळ्या कुड्याचा. तो कडू, पांढऱ्याचा. औषधाला कडू.’ शेंगाही दाखवल्या: काळ्याच्या जोडशेंगा टोकाशी चिकटलेल्या, पांढऱ्याच्या सुट्या. मी आठ महिने भलत्याच झाडाची साल भिजवत बसले होते! प्रबंधात आईंचे आभार मानले नाहीत, हे अजून टोचतं.

पुढची चूक मात्र सगळी माझी. अर्क कॉलममधून, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या नळीतून, सोडला की चाळीसेक फ्रॅक्शन, म्हणजे वेगवेगळे भाग, निघायची. ज्याला झोन, ते जपून ठेवायचं. ज्याला नाही, त्याच्यापुढे वहीत ‘शून्य’ लिहायचं आणि नळी सिंकमध्ये ओतायची. मग 2000 साली अमेरिकेतल्या एका गटाचा पेपर वाचला. दारुहळदीच्या कुळातल्या झाडांत बर्बेरिन नावाचं जंतुनाशक द्रव्य असतं, पण स्टॅफकडे ते बाहेर फेकायला पंप असतो, त्यामुळे एकट्या बर्बेरिनचं फारसं चालत नाही. त्याच झाडांत आणखी एक रेणू सापडला. तो स्वतः एकही जंतू मारत नाही, नुसता पंप बंद पाडतो. मग बर्बेरिन आत टिकतं आणि जंतू मरतो. शैले, असल्या रेणूला माझ्या चकतीवर शून्यच मिळालं असतं! त्या रात्री मी जुन्या वह्या काढून शून्यं मोजली. दोनशेच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं.

वर 2017 मध्ये थायलंडच्या मंडळींनी दाखवलं की कोनेसिनच स्यूडोमोनस या दुसऱ्या जंतूच्या पंपाला अडवतं. माझंच कोनेसिन! स्यूडोमोनसवर झोन नाही म्हणून मी ते कधीच बाजूला टाकलं होतं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: औषध एकही नाही. प्लेटमध्ये जंतू मरणं आणि माणसाच्या पोटात मरणं यांत फार अंतर असतं, म्हणून शेजारणीला कुड्याचा काढा माझ्या नावावर खपवू नकोस. आणि ते हळदीचे फॉरवर्ड पाठवणं बंद कर बाई. हळदीतलं करक्युमिन स्वतःच चमकतं, चमक मोजणाऱ्या चाचण्यांना सहज फसवतं.

माझी शेवटची विद्यार्थिनी आता उलट्या बाजूनं निघाली आहे. शून्यवाली फ्रॅक्शन घेते, 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये जुन्या अँटिबायोटिकच्या जोडीनं लावते, त्याला मदत होते का बघायला. मला मनातून तिचा हेवा वाटतो. तिला ताजा माल हवाय, आणि दुकानातला मी आणू देणार नाही.

तेव्हा परसातल्या झाडाच्या शेंगा तडकण्याआधी किलोभर काढून ठेव. साल काढायला आम्ही दोघी डिसेंबरात येऊ, तू खोडाला कोयता लावू नकोस. पार्सल बांधण्याआधी टोकं बघ. चिकटलेली असली तर तुझ्याकडेच राहू देत.

तुझी,
मंदा