पुठ्ठ्याच्या पेटीला लाकडासाठीचे स्क्रू

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: पुठ्ठ्याच्या पेट्यांसाठी म्हणून विकलेल्या बिजागरी-कडीच्या संचातील निरुपयोगी स्क्रूंबाबत

महोदय,

मी जाड पुठ्ठ्यावर हातकागद चढवून पेट्या बनवते. गेल्या महिन्यात तुमच्याकडून पितळी रंगाचे १२ संच मागवले. प्रत्येकात २ बिजागऱ्या, १ कडी, ४ कोपरे आणि स्क्रूंची पुडी. पाकिटावर ठळक छापले आहे, 'लाकडी व पुठ्ठ्याच्या पेट्यांसाठी'. यातल्या 'पुठ्ठ्याच्या' या शब्दावर मी विसंबले.

पुडीतला स्क्रू मी पट्टीला लावून पाहिला. लांबी १० मिमी. माझा पुठ्ठा २ मिमीचा, दोन्ही बाजूंचा कागद धरून फार तर अडीच. बिजागरीचा पत्रा १ मिमी धरला, तरी साडेसहा मिमी टोक पेटीच्या आत निघते. अशा पेटीत लोक जुनी पत्रे, फोटो, दागिने ठेवतात. हात घातला की बोटाला टोचणारच. बरे, टोके कापली तरी प्रश्न सुटत नाही. लाकडात स्क्रूचे आटे चांगले रुततात. पुठ्ठा म्हणजे कागदाच्या लगद्याचे दाबलेले थर. तेवढ्या जाडीत दोन-तीन आटे बसतात, तेही आजूबाजूचा लगदा कुस्करून.

पहिल्या पेटीचे झाकण मी तीनदा उघडले. तिसऱ्यांदा कडी हातात आली, ती कागदासकट पुठ्ठ्याचा वरचा थर सोलून घेऊनच. खाली रुपयाएवढा करडा, केसाळ खड्डा. तो कागद मी स्वतः रंगवलेला होता, तसाच दुसरा होणे नाही.

तुमच्या प्रतिनिधींना फोन केला, तर म्हणाले, "मॅडम, स्क्रू फार पिळू नका." न पिळता स्क्रू कसा बसवायचा, ते काही सांगितले नाही. मग म्हणाले, गोंदाने चिकटवा. पांढरा गोंद कागदात मुरतो म्हणून धरतो. गुळगुळीत पत्र्यात तो कुठे मुरणार? रात्री लावलेला कोपरा सकाळी नखाने टिचकी मारताच पडला. आणि कागदावर तेलाचा डाग! तुमच्या मालावर तेलाचा पातळ हात असतो, हे पाकिटावर कुठेही लिहिलेले नाही. हातकागद तेल टिपकागदासारखे पितो. आधी स्पिरिटने पुसा आणि मागची बाजू पॉलिश पेपरने खरवडा, एवढ्या दोन ओळी छापल्या असत्या तर तीन पेट्या वाचल्या असत्या.

शेवटी मार्ग माझा मीच काढला. २ मिमीचे बारीक नटबोल्ट आणले आणि आतून वॉशर दिले, म्हणजे ताण एका भोकावर न येता पसरतो. भोक दाभणाने पाडले तर मागून पुठ्ठा फुगून येतो, म्हणून खाली लाकडाचा तुकडा ठेवून पंचने पाडले. कडीला फाकणाऱ्या पायांच्या पिना लावल्या आणि पाय अस्तराच्या कागदाखाली झाकले. पण हे सारे अस्तर लावण्याआधी करायचे काम. माझ्या पाच पेट्यांना अस्तर लागून वाळलेही होते, ते भिजवून सोलण्यात दोन दिवस गेले.

बिजागऱ्यांबद्दल तक्रार नाही. घडण सुबक आहे, भोकेही नेमकी आहेत. म्हणून संच परत करत नाही. मला १२ संचांना पुरतील इतके आखूड नटबोल्ट, वॉशर आणि पिना विनामूल्य पाठवा, आणि खराब झालेल्या चार पेट्यांच्या कागद-पुठ्ठ्याचा खर्च द्या. पाकिटावरचा 'पुठ्ठ्याच्या' हा शब्द एकतर काढा, नाहीतर त्याला साजेसे साहित्य आत घाला.

सोललेल्या झाकणाचे आणि पट्टीशेजारी ठेवलेल्या स्क्रूचे फोटो जोडले आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. फोन करू नये, फोनवर काय सांगतात ते ऐकून झाले आहे.

आपली,
एक ग्राहक