काय विशेष?

चि. चिऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू नेहमीसारखं विचारलंस, "बाबा, काय विशेष?" आणि मी नेहमीसारखं म्हणालो, "काही नाही, चाललंय." फोन ठेवला तर आई माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "काही नाही कसं? पहाटेपासून किती काय काय झालं." खरंच होतं तिचं. मग ठरवलं, फोनवर जे सुचत नाही ते बसून लिहावं.

तर त्या रविवारी समोरच्या काकूंच्या कुरडया होत्या. गहू तीन दिवस भिजत होते. आई पहाटे पाचलाच त्यांच्याकडे गेली आणि अर्ध्या तासात मला बोलावणं आलं. चीक घट्ट व्हायला लागला की घोटणाऱ्याचा हात भरून येतो आणि पातेलं जागचं हलतं, ते धरायला माणूस लागतो. इतकी वर्षं काका धरायचे. ते गेल्यापासून काकूंनी कुरडया घातल्याच नव्हत्या. यंदा आईने हट्टाने घालायला लावल्या. मी सांडशीने पातेलं धरलं, आई आणि काकू आळीपाळीने घोटत होत्या. कुणीच फारसं बोलत नव्हतं. गच्चीवर सोऱ्यातून पहिली कुरडई जुन्या धोतरावर पडली तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "ह्यांचंच धोतर आहे." नंतर वाटी वाटी गरम चीक, वर दूध आणि साखर. दुपारी ओल्या कुरडया पळवायला तू नव्हतीस, त्यामुळे एकही कमी झाली नाही. काकूंनी ते दोनदा बोलून दाखवलं.

वरच्या आजींना आता अक्षर दिसत नाही. रोज सकाळी मी त्यांच्याकडे जाऊन पेपर वाचतो. गंगापूर धरणात पाणी किती उरलं, हे पहिलं वाचायचं. मग निधनवार्ता. एखादं नाव ओळखीचं निघालं की पेपर बाजूला राहतो, आणि त्या माणसाच्या लग्नाच्या पंगतीपासून सगळं ऐकायला मिळतं. संध्याकाळी मी आणि आई गंगेवर, आपल्या गोदावरीच्या घाटावर, जातो. मे महिना आहे, वसंत व्याख्यानमाला चालू आहे. सगळीच व्याख्यानं रंगतात असं नाही, पण उन्हात तापलेला घाट रात्री हळूहळू निवत जातो, ते बसल्या जागी कळतं. आई मोगऱ्याचा गजरा घेते. अर्धा काकूंना.

बुधवारी बाजार. आता मी पिशवी धरून आईच्या मागे चालतो. नोकरीत असताना बुधवारचा बाजार मी फक्त रात्री ताटात पाहिला. मखमलाबादहून येणारी ती भाजीवाली मावशी आठवते? तू लहान असताना तुझ्या हातात गाजर द्यायची. अजून तिथेच बसते. मेथीची जुडी पिशवीत टाकताना विचारते, "लेक कधी यायची?" आई म्हणते, "येईल रंगपंचमीला."

चिऊ, यंदा रंगपंचमीला तू आलीस, तिवंधा चौकातल्या रहाडीत, त्या जमिनीखालच्या रंगाच्या हौदात, धप्पा मारलास, कानामागचा रंग तसाच घेऊन दुसऱ्या दिवशी बंगळूरला गेलीस. आम्हाला फार आनंद झाला. तू गेल्यावर चार दिवसांनी मी चौकातून दूध घेऊन येत होतो. रहाडीवर फळ्या टाकून, माती लोटून रस्ता सारखा केला होता. वरून स्कूटर जात होत्या, घंटागाडी उभी होती. पुढच्या वर्षीपर्यंत ती अशीच रस्त्याखाली राहणार आणि आम्ही रोज तिच्यावरून ये-जा करणार. दुधाची पिशवी हातात धरून मी तिथेच थोडा वेळ उभा राहिलो. वाटलं, पोरगी एका दिवसापुरती येते, आणि आपलं घर जे आहे ते तर ह्या बाकीच्या दिवसांत आहे.

हे मला उशिरा कळलं, म्हणून सांगतोय. सकाळी सातची बस पकडून नाशिकरोडला जायचो, ओव्हरटाइम मिळाला की सोडायचो नाही. तुझ्या शिक्षणासाठी पैसे हवे होते, त्याचं मला दुःख नाही. पण तुझा पहिला दात पडला ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. तू सायकल शिकलीस ते आईने सांगितलं.

तुझ्या लहानपणचं मला अखंड आठवतं ते २००८ च्या सप्टेंबरातल्या महापुराचं. तू अकरा वर्षांची होतीस. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी किती लागलं ते बघायचं म्हणून माझा हात ओढत होतीस, आणि पाणी सराफ बाजारात शिरलं होतं. मी कामावर गेलोच नाही. भांडी बाजारातले ओळखीचे लोक दुकानातली पितळेची पातेली, घागरी डोक्यावर घेऊन चढावर येत होते. आपला ओटा, जिन्याखालची जागा, सगळं भरून गेलं. रात्री वीज नव्हती. आईने मोठ्या पातेल्यात मुगाची खिचडी टाकली, आणि पंधरा-वीस माणसं मेणबत्तीच्या उजेडात अंगणात जेवली. तू घागरींवर चमचा वाजवून प्रत्येकीचा आवाज वेगळा कसा ते मला ऐकवत होतीस. मोठ्या घागरीचा आवाज तुला नारोशंकराच्या देवळातल्या घंटेसारखा वाटला होता. एवढा वेळ मी तुझ्याजवळ सलग बसलो, तो पुरामुळे.

म्हणून मागणं एकच. जुलैत ये. सण नाही, कुणाचं लग्न नाही, अशा आठवड्यात. रजा काढू नकोस, कॉम्प्युटर घेऊन ये. माळ्यावरच्या खोलीत नेट चांगलं लागतं, मी समोरच्या मुलाकडून तपासून घेतलंय. तू तुझं काम कर. आजींना एखाद्या सकाळी पेपर तू वाच. बुधवारी पाऊस थांबला तर आपण तिघं बाजारात जाऊ. बाकी काही ठरवायचं नाही. पाहुणे बोलावणार नाही, श्रीखंड-पुरी करणार नाही.

आईला हे वाचून दाखवलं. तिने डोळे पुसले, आणि म्हणाली खाली एवढं लिहा: तुझी पावसाळी चप्पल जिन्याखाली आहे, धुऊन ठेवली आहे, नवी आणू नकोस.

तुझा,
बाबा