गच्चीवर तापलेले पाणी नळाला गार का येते? महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
नाशिक महानगरपालिका,
राजीव गांधी भवन, नाशिक.

विषय : सोलरच्या गरम पाण्याच्या पाइपांचे लॅगिंग (उष्णता टिकवणारे आवरण) प्लास्टरआधी तपासण्याबाबत

माननीय आयुक्त,
सप्रेम नमस्कार.

सातपूरच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षे बॉयलर अटेंडंट होतो. वाफेच्या पाइपावरचे हातभर लॅगिंग जरी सुटलेले दिसले, तरी शिफ्ट संपायच्या आत ते बांधून घ्यायचे, असा तिथला शिरस्ता होता. आधी ग्लासवूल, त्यावर जाळी, वरून अॅल्युमिनियमचा पत्रा. उघडा पाइप म्हणजे वाया गेलेले इंधन, हे साहेबांपासून हेल्परपर्यंत सगळ्यांना ठाऊक होते. निवृत्तीनंतर इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीचा सचिव झालो. पहिल्याच थंडीत गच्चीवर गेलो, तर सोलरच्या टाकीतून निघालेला इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप गच्चीच्या कठड्याच्या कडेने तसाच उघडा, वाऱ्यात पडलेला. टाकी चांगली गुंडाळलेली, पाइप मात्र नागडा. बिल्डरने दिला तसाच तो बारा वर्षे होता.

आमच्याकडे सकाळी एक विचित्र खेळ चालायचा. पहिला नळ कोणी सोडायचा? जो सोडेल त्याच्या वाट्याला गार पाणी, म्हणून जो तो दुसऱ्याची वाट बघायचा. तळमजल्यावरच्या आजींचा पाइप सर्वांत लांबचा. त्यांनी तर सोलरचा नादच सोडला होता आणि डोक्यावर सोलर असताना न्हाणीघरात गीझर बसवून घेतला होता. निफाडकडून थंडीच्या बातम्या येऊ लागल्या की आमच्या इमारतीतले सगळेच गीझर सुरू व्हायचे.

जानेवारीतल्या एका पहाटे थर्मामीटर घेऊन मोजले. टाकीच्या तोंडाशी पाणी ५७ अंश. तळमजल्याच्या नळाला पहिली बादली १७, दुसरी ३९, तिसरी ५२. यात गूढ काही नाही. टाकीपासून त्या नळापर्यंत चौतीस मीटर पाइप आहे. इंची पाइपात मीटरमागे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पाणी मावते, म्हणजे एक भरलेली बादली रात्रभर पाइपातच निवत असते. तिच्या मागून येणारे गरम पाणी आधी थंड लोखंड तापवते आणि मग आपल्यापर्यंत पोहोचते. वीस लिटर पाणी ५७ अंशांवरून १७ वर उतरले की साधारण एक युनिट विजेइतकी उष्णता गेली. आणि हे एकदाच होत नाही. उघडा पाइप अर्ध्या-पाऊण तासात कोमट होतो, त्यामुळे साडेपाचला एकाने, सव्वासहाला दुसऱ्याने नळ सोडला की तोच हिशेब पुन्हा. मोरीत सोडून दिलेले ते पाणी गंगापूर धरणातून उचललेले, शुद्ध केलेले आणि पंपाने चौथ्या स्लॅबवर चढवलेले असते, याचे मला विजेहूनही जास्त वाईट वाटते.

आम्ही काय केले ते सांगतो. गच्चीवरच्या आणि डक्टमधल्या (पाइप खाली नेणाऱ्या उभ्या पोकळीतल्या) पाइपाला पाऊण इंच जाडीची काळी नायट्राइल फोमची नळी चढवली. एल्बो, टी हे सांधे, व्हॉल्व्ह, काहीही उघडे ठेवले नाही, कारण उष्णता नेमकी तिथूनच पळते. हा फोम नाशिकच्या उन्हात उघडा राहिला तर तडकून भुगा होतो, म्हणून गच्चीवर त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकला. काही इमारतींत पाइपाला गोणपाट गुंडाळलेले दिसते. कृपया कोणी तसे करू नये. पावसात भिजलेले गोणपाट पाइप उलट अधिक गार करते. खर्च मजुरीसकट सात हजारांच्या आत झाला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पहाटेची पहिली बादली आजही गारच येते. रात्रभर उभे राहिलेले पाणी लॅगिंगमध्येही निवतेच. पण एकदा पाइप तापला की तासाभरानेही नळाला ४५-४६ अंशांचे पाणी मिळते, आणि सहा ते आठच्या वेळेत तेवढे पुरते. आजींचा गीझर या थंडीत फार थोड्या वेळा लागला.

आता मुद्द्यावर येतो. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत सोलर वॉटर हीटरची तरतूद आहे. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श इमारत उपविधींनी तर गच्चीपासून गरम पाण्याच्या प्रत्येक नळापर्यंत उष्णतारोधक पाइपची सोय आराखड्यातच धरली आहे. कागदावर विचार झालेला आहे. अडचण पाइपाच्या जागेची आहे. सोलरचे पॅनेल रस्त्यावरूनही दिसते, पाइप मात्र भिंतीच्या खाचेत जातो, त्यावर प्लास्टर होते, टाइल बसते. नंतर तो कोण आणि कसा तपासणार? भिंतीतला पाइप आम्हालाही गुंडाळता आला नाही. टाइल फोडायची कोणाची तयारी नव्हती, आणि मी आग्रहही धरला नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे की, गरम पाण्याच्या पाइपांची तपासणी प्लास्टरआधी व्हावी. प्रत्येक मजल्यावरील लॅगिंग केलेल्या पाइपांचे फोटो, लॅगिंगची जाडी आणि आर्किटेक्टची सही भोगवटा दाखल्याच्या अर्जाला जोडणे बंधनकारक करावे. खाच खोदतानाच ती फोमसकट पाइप बसेल एवढी रुंद ठेवायला लावावी, नाहीतर नियम असूनही प्लंबर फोमची नळी कापून फेकून देईल, त्याचा तरी काय दोष? गरम आणि गार पाइप एकाच खाचेत एकमेकांना चिकटवून नेण्याची सवयही यातच मोडता येईल. जुन्या इमारतींना सक्ती नको. त्यांच्यासाठी विभागीय कार्यालयांत लॅगिंग केलेल्या पाइपाचा हातभर तुकडा आणि खर्चाचा साधा तक्ता ठेवला तरी सोसायट्या आपण होऊन पुढे येतील. महापालिकेच्या ज्या रुग्णालयांवर सोलर आहे, तिथले पाइप आधी बघावेत. बाळंतिणीला अंघोळीसाठी गरम पाण्याची वाट बघावी लागू नये.

आपण किंवा नगररचना विभागातील अभियंत्यांनी येत्या डिसेंबरात एकदा सकाळी साडेसहाला आमच्या गच्चीवर यावे. लॅगिंगचा एक हातभर तुकडा मी काढता येईल असा ठेवला आहे. एक हात उघड्या पाइपावर आणि दुसरा पत्र्यावर ठेवून बघावा. थर्मामीटर, टेप आणि चहा तयार ठेवतो.

आपला विश्वासू,
सोसायटीचा सचिव व निवृत्त बॉयलर अटेंडंट,
इंदिरानगर, नाशिक