आमच्या गल्लीला विचारले असते तर

मा. संपादक,
स. न.

इंदूर शहरातल्या नागरिकांनी स्थानिक कारभारात सहभाग वाढवावा, असे आपण कालच्या अग्रलेखात लिहिले आहे. तो सहभाग घ्यायचा कुठे, हे मात्र अख्ख्या लेखात एका ओळीनेही सांगितलेले नाही. नागरिक उदासीन आहेत हे वाक्य तर फार लागले. ते आमच्या गल्लीत येऊन म्हणून दाखवा.

वडिलांनी १९६८ मध्ये घर बांधले तेव्हा रस्त्यावरून ओट्यावर चढायला चार पायऱ्या होत्या. आज एक उरली आहे, तीही अर्धी. दर खेपेला जुना रस्ता न खोदता वरून सिमेंटचा नवा थर टाकतात. गेल्या मे महिन्यात असाच थर पडला आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी उंबरठा ओलांडून थेट आईच्या पलंगाखाली शिरले. तिची ट्रंक भिजली. त्यात तिचा लग्नातला शालू होता. शहाऐंशी वर्षांची बाई दोन दिवस तो पंख्याखाली धरून बसली होती.

काम चालू असताना समोरचे काका काठी टेकत आले आणि ड्रेनेजची तिन्ही चेंबर कुठे आहेत ते त्यांनी खडूने आखून दिले. चाळीस वर्षांपूर्वी ती त्यांच्या डोळ्यांदेखत बसवली होती. ठेकेदाराच्या माणसांनी त्या खुणांवरच काँक्रीट ओतले. 'इस्टिमेटमध्ये चेंबर नाही' एवढेच उत्तर मिळाले. ते इस्टिमेट करायला गल्लीत कोण येऊन गेले, हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही. आम्ही सव्वीस घरांच्या सह्यांचा अर्ज दिला, मी स्वतः तीन चकरा मारल्या. ऐन गणपतीत ड्रेनेज तुंबले आणि चार महिन्यांचा रस्ता फोडावा लागला. तेव्हा चेंबरची जागा दाखवायला त्याच काकांना घरातून बोलावून नेले.

संपादक महाराज, सहभाग म्हणतात तो हाच. तो द्यायला काका मे महिन्यातच उन्हात उभे होते.

शहरांच्या कारभाराविषयीची ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे. तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरात वॉर्ड समित्या हव्यात, असे तीत म्हटले आहे. पण समिती 'एक किंवा अधिक' वॉर्डांची चालते आणि तिच्यात कोण बसणार हे राज्याने ठरवायचे. कितीही वॉर्ड एकत्र बांधले तरी कायदा पाळला असेच होते, आणि साध्या मतदाराला त्यात जागा द्यावीच असे बंधन घटनेत नाही. माझा मामेभाऊ इंदूरजवळच्या देपालपूरकडे शेती करतो. मतदार यादीत नाव आहे एवढ्यावर तो ग्रामसभेचा सभासद आहे. उठून उभा राहतो, सरपंचाला हिशेब विचारतो. याच मध्य प्रदेशाने २६ जानेवारी २००१ पासून ग्रामसभांना अधिकार देणारी ग्रामस्वराज्याची योजना आणली होती. मी इंदूरचा, ८५ वॉर्डांच्या शहरातला. एकेका वॉर्डात वीस-बावीस हजारांहून जास्त माणसे. मला पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई, बाकी काही नाही. तीही वेळेवर नाही: महापालिका परिषदेची मुदत २०२० च्या सुरुवातीला संपली आणि मतदान झाले जुलै २०२२ मध्ये. मधली दोन वर्षांहून जास्त प्रशासक होते.

स्वच्छतेत आपले शहर २०१७ पासून देशात पहिले आले ते घराघरातून ओला-सुका कचरा वेगळा झाला म्हणून. रोज सकाळी गाडीचे गाणे ऐकून डबे घेऊन धावणारे लोक रस्त्याचे इस्टिमेट बघायला येणार नाहीत, असे कुणी कसे म्हणू शकते?

आणखी एक, आता लिहायला बसलोच आहे तर. आपल्या राज्यात निम्म्या जागा महिलांना आहेत. निवडून येते बाई, फोन उचलतो नवरा, आणि आपल्याच पानावर त्याचा उल्लेख 'पार्षदपती', म्हणजे नगरसेविकेचा नवरा, असा बिनदिक्कत छापून येतो. असे पद कोणत्या कायद्यात आहे? याच शहरात सुमित्राताई महाजन १९८२ मध्ये नगरसेविका झाल्या, पुढे उपमहापौर झाल्या आणि १९८९ मध्ये लोकसभेत गेल्या. 'पार्षदपती' हा शब्द आपण आपल्या वर्तमानपत्रात छापणे बंद करा, एवढे तर आपल्या हातात आहे.

दुसरेही एक आपल्या हातात आहे. काम सुरू होण्याआधी प्रत्येक वॉर्डातल्या मंजूर कामांची यादी अंदाजपत्रकासह मिळवून रविवारच्या पानावर छापा. कुठल्या गल्लीत किती इंच खोदणार आणि किती इंच भरणार, तेही येऊ द्या. आमच्या गल्लीत ते कात्रण काकांना वाचून दाखवायचे काम माझे.

आपला,
एक जुना वाचक, इंदूर