गुडघा बदलून झाला, आता व्यायामाचं कोण बघणार?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या वर्षी जानेवारीत माझा उजवा गुडघा बदलला. वय ६६, शाळेत उभं राहून शिकवण्यात सगळी नोकरी गेली. ऑपरेशन छान झालं, त्याबद्दल काहीच तक्रार नाही, दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं केलं. पण डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरने इंग्रजीतली दोन पानं हातात दिली, फिजिओने दहा मिनिटांत भराभर सगळं दाखवलं आणि आम्ही रिक्षात बसून घरी. खरी ट्रीटमेंट तिथून पुढे सुरू होते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

घरी आल्यावर सगळे प्रेमाने वागले आणि त्या प्रेमानेच घोळ केला. सुनेने गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली, मला पण बरं वाटायचं, पंधरा दिवसांनी फिजिओ ताई घरी यायला लागल्या, त्यांनी बघितलं आणि आधी ती उशी काढून टाकली. म्हणाल्या, काकू, गुडघा असाच वाकलेला राहिला तर पाय पूर्ण सरळ होणार नाही आणि लंगडत चालाल, टॉवेलची गुंडाळी ठेवायची ती टाचेखाली. मग मांडीचा स्नायू आवळून पाच सेकंद धरायचा, टाच गादीवर घासत मागे आणायची, पावलं वरखाली करायची म्हणजे पोटरीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. हे दिवसातून तीन-चार वेळा. दुखायचं, रात्री तर जास्तच, बर्फाची पिशवी लावून पडून राहायचे आणि रडू पण यायचं, खोटं कशाला सांगू.

आमच्या बिल्डिंगमधल्या एक बाई माझ्या आधी दोन महिने ऑपरेशन करून आल्या होत्या. दुखतं म्हणून व्यायाम सोडला, घरच्यांनीही "आई तू पडून राहा, आम्ही आहोत ना" म्हणून सगळं हातात दिलं. गुडघा सत्तर डिग्रीच्या पुढे वाकेना, शेवटी परत भूल देऊन डॉक्टरांना तो वाकवावा लागला. खुर्चीतून नीट उठायला, जिना चढायला नव्वद-शंभर डिग्री तरी वाकायला लागतो, म्हणजे सत्तरवर अडकलेल्या माणसाचं साधं कमोडवरून उठणंही अवघड, आणि व्यायाम महिनाभर रोज कोणी करून घेतला असता तर हे सगळं टळलं असतं असं मला मनापासून वाटतं.

वाजपेयींचे गुडघे ब्रीच कँडीत बदलले २००० आणि २००१ मध्ये, तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा या ऑपरेशनचं नाव नीट कळलं. नंतर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली, दीड लाखाच्या पुढे पडणारा कोबाल्ट क्रोम या धातूचा सांधा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी इतक्यावर आला. फार मोठं काम झालं ते, माझ्यासारख्या पेन्शनवाल्यांना म्हणून तर परवडलं. पण सांधा स्वस्त झाला तरी त्याला चालता करणाऱ्या व्यायामाचं काय? घरी येणाऱ्या फिजिओच्या एका व्हिजिटला मी सहाशे रुपये देत होते, दीड महिन्यात तो खर्च किती झाला तुम्हीच हिशोब करा. ज्यांना जमत नाही ते चार दिवसांत बंद करतात, आणि मग लोक म्हणतात ऑपरेशन फेल गेलं.

जिन्याचं पण कोणी सांगत नाही. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, आणि काठी ऑपरेशनच्या विरुद्ध बाजूच्या हातात. मी पहिले आठ दिवस उलट्याच हातात धरत होते! पोटरी सुजून दुखायला लागली, ताप आला, जखमेतून पाणी आलं तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवायचं, हे तर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून द्यायला हवं.

दिवाळीच्या आधी मी पर्वती चढले. १०३ पायऱ्या, मध्ये तीनदा थांबले, मुलगा मागे होता पण हात धरू दिला नाही. आठ वर्षांनी वर गेले होते. आता रोज सकाळी पाऊण तास चालते, भाजी स्वतः आणते, गौरी बसवल्या, फक्त जमिनीवर मांडी घालून बसत नाही आणि उड्या-धावणं डॉक्टरांनी नको सांगितलंय. सांधा नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं सहज जातो, बऱ्याच जणांचा त्याहून जास्त.

तेव्हा महापालिकेला तुमच्या पेपरातून एवढीच विनंती आहे. प्रत्येक भागातल्या पालिकेच्या दवाखान्यात आठवड्यातून तीन दिवस फिजिओ बसवा, ऑपरेशन कुठेही झालेलं असो, पेशंटला कमी पैशात व्यायाम करून घ्या. आणि सगळ्या हॉस्पिटलनी ती दोन पानं मराठीत द्यावीत, घरच्या माणसाला समोर बसवून दाखवावीत, कारण घरी उशी तोच ठेवणार आहे.

आपली,
एक वाचक, सहकारनगर, पुणे