त्या चिठ्ठीबद्दल, काका

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

वाचनालयात समोर आले की तुम्ही नोंदवही पुढे सरकवता, नाहीतर "चहा सांगू का?" म्हणता, आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून हे असं चारचौघांसमोर लिहिते आहे. रागावू नका.

गेल्या वर्षी आषाढात माझी धाकटी बहीण गेली. 44 वर्षांची होती. लग्न केलं नव्हतं. दहाव्याला आलेल्या बायका मला धीर द्यायला म्हणत होत्या, "मागे कुणी नाही, ना मूल ना बाळ. सुटली बिचारी." एकीनं नाही, चौघींनी म्हटलं. मी मान हलवून ऐकून घेतलं. त्यानंतर आठ महिने मला एक पान वाचता आलं नाही. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असायची. ज्या घरात आम्ही दोघी जेवतानासुद्धा पुस्तक बाजूला ठेवायचो नाही, त्या घरात ही अवस्था.

मदत करायला आले नाहीत असं नाही. मनाला उभारी देणारी पुस्तकं नातेवाइकांनी आणून दिली, त्यातलं एक तर दोघांकडून दोनदा आलं. दुःखातून बाहेर पडण्याच्या सात पायऱ्या, अकरा पायऱ्या. भाचीकडे गेले होते तेव्हा तिच्या शहरातल्या एका नावाजलेल्या वाचनालयातही जाऊन आले. तिथे कपाटांपर्यंत जाऊ देत नाहीत. काउंटरवरच्या माणसानं स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, "पुस्तकाचं नाव?" मला नावच ठाऊक नव्हतं. म्हटलं, काहीतरी वाचवेल असं द्या. तो म्हणाला, "तसं सर्च होत नाही, मॅडम." मी पायऱ्या उतरून रिक्षात बसले आणि घर येईपर्यंत रडले.

तुम्ही नाव विचारलं नाहीत. फाल्गुनात मी आले, नुसती उभी राहिले, तर तुम्ही आतून बाइंडिंग सुटत आलेली बाबूराव अर्नाळकरांची एक रहस्यकथा आणून दिलीत. म्हणालात, "ताई, हे वाचायला अक्कल लागत नाही, फक्त एक दुपार लागते." हजाराहून जास्त पुस्तकं लिहिलेल्या त्या माणसाकडे मी आयुष्यभर नाक मुरडलं होतं. त्या दुपारी कळलं की छोटी वाक्यं आणि पुढच्या पानावर काय होईल ही ओढ, एवढ्यावर माणूस पुन्हा वाचायला शिकू शकतो. पुस्तक मी त्याच बैठकीत संपवलं. आठ महिन्यांनी पहिलं. पुढचे दोन आठवडे अर्नाळकरच नेले.

मग तुम्ही नारायण धारप दिलेत. ते मी अर्ध्यातून परत केलं, आणि का ते तेव्हा सांगितलं नाही. धारपांचं लिहिणं वाईट नाही, रात्रीच्या घरातले आवाज त्यांच्यासारखे कोण लिहिणार! पण गेलेलं माणूस परत येणं ही भिण्यासारखी गोष्ट आहे, हेच मला त्या दिवसांत पटेना. तुम्हीही काही विचारलं नाहीत. पुस्तक उचललंत, कपाटात ठेवलंत आणि जयंत नारळीकरांचं 'वामन परत न आला' हातात दिलंत. त्यातली माणसं मला पातळ वाटली, संवाद तर वर्गात शिकवल्यासारखे. तरीही ते पुस्तक मला फार आवडलं. उत्खननात सापडलेल्या एका पेटीपासून यंत्रमानवापर्यंत प्रत्येक गोष्टीला त्यात कारण आहे. वर्षभर सगळीकडून "देवाची मर्जी" ऐकलेल्या कानांना ते कारण किती गोड लागलं म्हणून सांगू.

रणजित देसाईंची 'स्वामी' मी स्वतःहून मागितली. कॉलेजात असताना आम्ही दोघींनी ती एकाच आठवड्यात, एकच प्रत ओढाओढी करून वाचली होती आणि रमाबाईंसाठी रडलो होतो. आता वाचताना जीव अडकला तो माधवरावांच्या आजारात. क्षयानं झिजत झिजत 1772 साली थेऊरला गेले तेव्हा ते 27 वर्षांचे होते. उशाशी बसणं म्हणजे काय ते मला आता माहीत आहे, आणि देसाईंनाही माहीत असणार असं ती पानं वाचताना वाटलं. पण रमाबाईंचं सती जाणं पुस्तक ज्या भक्तिभावानं पाहतं, त्या भावानं मला या वेळी पाहता आलं नाही. तुमच्याशी यावर वाद घातला. तुम्ही म्हणालात, "पुस्तक 1962 सालचं आहे, ताई." मी म्हटलं, वाचणारी आजची आहे. त्या दिवशी घरी जाताना लक्षात आलं, आपण आज कुणाशी तरी भांडलो, आणि बरं वाटलं.

उद्धव शेळके यांची 'धग' तुम्ही आग्रहानं दिलीत. वऱ्हाडी बोली सुरुवातीला जड गेली, मोठ्यानं वाचायला लागले तशी सोपी झाली. कौतिकसारखी बाई मराठी कादंबरीत दुसरी नाही, असं माझं मत झालं आहे. नवरा रोगानं खचला, पैसा नाही, आणि ही बाई उठतेच आहे, उठतेच आहे. लेखक तिला कुठे टाळ्या मिळवून देत नाही, म्हणून ती खरी वाटते. विश्राम बेडेकरांची 1939 ची 'रणांगण' त्यानंतर वाचली आणि एवढ्या लहान पुस्तकात एवढं मावतं कसं, याचंच नवल वाटत राहिलं. चक्रधर आणि हॅर्टा यांना बोटीचे मोजके दिवस मिळाले आहेत, मुंबई आली की ताटातूट आहे, आणि तरी बोलतात, हसतात. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'मध्ये धरणासाठी उठलेल्या माणसांच्या म्हशी मागे रानात राहतात. मला मधला भाग लांबलेला वाटला, पण मागे राहिलेल्या त्या मुक्या जनावरांनी माझी झोप उडवली. तिला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि आपल्या वाचनालयातल्या प्रतीवर माझ्याआधी फक्त दोन तारखा पडलेल्या. मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटणाऱ्यांपैकी किती जणांनी वाचनालयाची वर्गणी भरली असेल?

आता खरं ज्यासाठी लिहायला बसले, ते.

श्रावणात मी 'कोसला' मागितली. माझी वाचायची राहून गेलेली, बहिणीची मात्र लाडकी. तुम्ही क्षणभर थांबलात. "उद्या न्या, जरा शोधावी लागेल," म्हणालात. ती तर तुमच्या मागच्याच कपाटात दिसत होती, मी पाहिली होती. काका, मला तेव्हा थोडा रागच आला होता.

दुसऱ्या दिवशी पुस्तक मिळालं. घरी आणून वाचायला लागले. पांडुरंग सांगवीकर, पुणं, होस्टेल, मेस. मी एकटीच हसत होते. आणि पान उलटलं तर मध्ये एक कागद. जुन्या नोंदवहीचा कोरा तुकडा, पट्टीनं सरळ फाडलेला, त्यावर तुमच्या निळ्या शाईतल्या बारीक अक्षरात:

"ताई, इथून पुढे मनी जाते. त्याची धाकटी बहीण. आज वाचायचं नसेल तर थांबा. पुस्तक परत करायची घाई नाही."

खाली सही नाही. शेवटच्या पानावरच्या तारखांच्या रकान्यात तुम्ही तारीखच टाकली नव्हती.

मी थांबले. अकरा दिवस ते पुस्तक देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर होतं. तुमची चिठ्ठी नसती तर मी त्या पानावर बेसावध जाऊन आपटले असते, आणि पुन्हा वर्षभर पुस्तकाला हात लावला नसता. बाराव्या दिवशी स्वतः ठरवून, दार लावून ती पानं वाचली. मनीबरोबर तिच्या पोटी पुढे जन्मणारा अख्खा वंश थांबला, हे पांडुरंगच्या मनात येतं तिथे मी पुस्तक छातीशी धरलं. दहाव्याला ज्या गोष्टीसाठी माझ्या बहिणीला 'सुटली' म्हटलं होतं, तिचाच शोक कुणीतरी 1963 सालीच करून ठेवला होता. मागे कुणी नसणं म्हणजे सुटका नव्हे, ते नुकसान आहे. हे मला कुणीतरी एकदा सांगायला हवं होतं.

काका, तुम्ही आदल्या संध्याकाळी ते पुस्तक चाळत बसला असाल. ते पान नेमकं शोधलं असेल. चिठ्ठीत काय लिहावं याचा विचार केला असेल. अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयातल्या माणसाच्या हातात महिन्याला काय पडतं, हे या गावात सगळ्यांना माहीत आहे. त्या पगारात हे काम धरलेलं नाही. पुस्तक लपवून "मिळत नाही" म्हणणं सोपं होतं. तसंच हातात देऊन मोकळं होणं त्याहून सोपं. तुम्ही पुस्तकही दिलंत आणि मला सांभाळलंतही, आणि निर्णय माझा मला ठेवलात. माणुसकी मी आजवर मोठमोठ्या शब्दांत ऐकली होती, ती चार बोटं रुंद कागदावर मावलेली पहिल्यांदा पाहिली. मनापासून आभार.

येत्या बुधवारी येईन. 'कोसला' परत करायची आहे, चिठ्ठी मात्र मी ठेवून घेते. सोबत बहिणीच्या ट्रंकेतली 37 पुस्तकं आणते आहे, वाचनालयासाठी. बहुतेक कादंबऱ्याच आहेत, दोन-तीन धारपही निघाले. दाखल क्रमांक टाकताना एवढंच सांभाळा. पहिल्या पानावर उजव्या कोपऱ्यात तिनं पेन्सिलीनं नाव लिहिलेलं आहे. शिक्का जरा खाली मारा.

तुमची,
बुधवारी येणारी ताई